वक्तृत्वशास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास : बोलणे, ऐकणे आणि पारखणे

लोकशाही राज्यपद्धतीत बहुतेक निर्णय बोलण्यातून होतात. विधिमंडळ असो, न्यायालय असो, सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असो किंवा गावची ग्रामसभा असो. कोणीतरी आपले म्हणणे मांडतो, कोणी त्याला विरोध करतो आणि उरलेले ऐकून आपले मत ठरवितात. ज्याला नीट बोलता येते त्याचा मुद्दा इतिवृत्तात नोंदला जातो. ज्याला ते साधत नाही त्याची अडचण कितीही खरी असली तरी ती त्याच्या मनातच राहते. म्हणूनच बोलणे ही केवळ जन्मजात देणगी आहे की शिकता येण्याजोगी विद्या आहे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

पाश्चात्त्य जगाने या प्रश्नाचे उत्तर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच दिले. बोलणे शिकविता येते, इतकेच नव्हे तर त्याचे शास्त्रही रचता येते, असे ग्रीकांनी मानले. या शास्त्राला ते ‘ऱ्हेटोरिक’ म्हणत. मराठीत आपण त्याला वक्तृत्वशास्त्र म्हणू. विसाव्या शतकात अमेरिकेतील विद्यापीठांनी याच शास्त्राच्या पायावर भाषण आणि संज्ञापन यांचे स्वतंत्र विभाग उभे केले. या अभ्यासाचे स्वरूप काय, तो कसा घडला आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, याचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

जमिनीच्या दाव्यांतून जन्मलेले शास्त्र

वक्तृत्वशास्त्राचा उगम राजदरबारात झाला नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी : इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज या नगरात जुलमी सत्ताधीशांची सत्ता उलथून पडली. त्यांनी अनेक नागरिकांच्या जमिनी हिरावून घेतल्या होत्या. नवी व्यवस्था येताच त्या जमिनी परत मिळविण्यासाठी लोक न्यायसभेपुढे येऊ लागले. सातबाराचा उतारा दाखवून मोकळे व्हावे, अशी सोय तेथे नव्हती. कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते, यावरच बरेचसे अवलंबून असे. अशा वेळी कोरॅक्स आणि त्याचा शिष्य टिसियस यांनी दावा कसा मांडावा, प्रास्ताविक कोठे करावे, पुरावा केव्हा द्यावा आणि समारोप कसा करावा, याचे नियम शिकविण्यास प्रारंभ केला, असे सांगतात. म्हणजे ज्याची जमीन गेली होती त्या सामान्य माणसाच्या गरजेतून हे शास्त्र जन्माला आले.

अथेन्समध्ये या विद्येला अधिक महत्त्व आले. तेथे वादी व प्रतिवादी यांना शेकडो नागरिकांच्या न्यायमंडळापुढे स्वतःच उभे राहून बोलावे लागे. लिसियाससारखे लेखक इतरांना अशी भाषणे लिहून देत. मात्र ही लोकशाहीही अपुरीच होती. स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी यांना सभेत स्थान नव्हते. कोणाला बोलू द्यावयाचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न या शास्त्राच्या सोबत पहिल्यापासूनच चालत आला आहे.

या विद्येवर पहिला कठोर आक्षेप प्लेटोने घेतला. ‘गॉर्जियस’ या संवादात त्याने वक्तृत्वाची तुलना पाककौशल्याशी केली. वैद्य जे हितकर ते देतो आणि आचारी जे रुचकर ते देतो. वक्ता हा आचाऱ्यासारखा आहे, असा त्याचा आशय होता. ज्ञान नसताना ज्ञानाचा आभास निर्माण करणारी ही कला घातक आहे, असे त्याचे म्हणणे. आजही ‘तो नुसता बोलघेवडा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तोच आक्षेप आपण नकळत घेत असतो.

ॲरिस्टॉटलने दिलेले उत्तर

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने या आक्षेपाला आपल्या ग्रंथातून उत्तर दिले. वक्तृत्वशास्त्र म्हणजे श्रोत्यांना भुलविण्याची युक्ती नव्हे. कोणत्याही प्रसंगी श्रोत्यांना पटवून देण्याची कोणकोणती साधने उपलब्ध आहेत हे ओळखण्याची ती क्षमता आहे, अशी त्याची भूमिका होती. हत्यार वाईट हातात पडते म्हणून ते टाकून देता येत नाही. शरीराने स्वतःचे रक्षण करता न येणे जर लाजिरवाणे, तर शब्दांनी स्वतःचे रक्षण करता न येणे हे त्याहून लाजिरवाणे मानले पाहिजे, कारण वाणी ही माणसाची खास शक्ती आहे, असा युक्तिवाद त्याने केला.

त्याने सांगितलेली तीन साधने आजही प्रत्येक विद्यापीठात पहिल्या काही तासांतच शिकविली जातात. पहिले साधन म्हणजे भाषणातून प्रकट होणारे वक्त्याचे चारित्र्य व विश्वासार्हता, दुसरे श्रोत्यांची भावस्थिती आणि तिसरे प्रत्यक्ष युक्तिवाद. ग्रामसभेत नळपाणी योजनेवर बोलणाऱ्या सदस्याचा हिशेब बिनचूक असला तरी मागील कामाचा जमाखर्च त्याने दिला नसेल, तर लोक त्याचे ऐकत नाहीत. तेथे तिसरे साधन असूनही पहिले उणे पडते. उलट एखादा लोकप्रिय नेता केवळ भावनेला हात घालून ठराव संमत करून घेतो, तेव्हा दुसऱ्या साधनाने तिसऱ्याची जागा बळकावलेली असते.

भाषणांचे त्याने केलेले वर्गीकरणही तितकेच उपयुक्त आहे. न्यायालयातील भाषण घडून गेलेल्या गोष्टीविषयी असते, सभेतील विचारविनिमय पुढे काय करावयाचे याविषयी असतो, आणि गौरवाचे किंवा निषेधाचे भाषण वर्तमानाशी निगडित असते. सभांमधील पुष्कळ गोंधळ हे प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. पुढील उन्हाळ्यात टँकरची वेळ येऊ नये म्हणून काय करावे, हा विषय चर्चेला असताना मागील उन्हाळ्यात कोणाची चूक झाली यावरच वेळ जातो आणि निर्णय राहून जातो.

पुढे रोमन विद्वानांनी या शास्त्राची पाच अंगे निश्चित केली : आशयाचा शोध, त्याची मांडणी, भाषाशैली, स्मरण आणि प्रत्यक्ष सादरीकरण. सिसेरो आणि क्विंटिलियन यांनी त्यावर विस्ताराने लिहिले. क्विंटिलियनच्या बारा भागांच्या ग्रंथात मुलाच्या शिक्षणापासून परिपूर्ण वक्त्यापर्यंतचा मार्ग आखलेला आहे, आणि चांगला वक्ता हा आधी चांगला माणूस असला पाहिजे, हे त्याचे प्रमुख सूत्र आहे.

अशा प्रकारचा विचार भारतीय परंपरेतही स्वतंत्रपणे झालेला आहे. न्यायदर्शनात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत. सत्य जाणण्यासाठी केला जाणारा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केला जाणारा तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा, असा भेदही तेथे केला आहे. ‘चरकसंहिते’त वैद्यांच्या आपसांतील चर्चेचे मैत्रीपूर्ण आणि विरोधी असे दोन प्रकार सांगून प्रत्येकात कसे वागावे याचे मार्गदर्शन आहे.

उतरती कळा आणि पुनरुज्जीवन

मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे शिक्षणाचे तीन मूलभूत विषय होते. परंतु सोळाव्या शतकात पेत्रुस रामुस या फ्रेंच विद्वानाने आशयाचा शोध व मांडणी ही दोन अंगे तर्कशास्त्राकडे सोपविली. वक्तृत्वाकडे मुख्यतः शैली व सादरीकरण एवढेच उरले. विचाराशी असलेले नाते तुटल्यावर या शास्त्राला शब्दांच्या सजावटीचे रूप येऊ लागले. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये आवाज, उच्चार व हावभाव यांच्या शिक्षणाची लाट आली. 1762 साली प्रसिद्ध झालेली थॉमस शेरिडन या नटाची व्याख्याने हे तिचे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेत हार्वर्ड येथे वक्तृत्वशास्त्राचे खास अध्यासन होते. 1806 साली जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्याची सूत्रे स्वीकारली. हेच गृहस्थ पुढे 1825 साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखी निबंध व साहित्याचा अभ्यास यांचे महत्त्व वाढत गेले आणि भाषण शिकविणारा अध्यापक इंग्रजी विभागात दुय्यम ठरला.

या परिस्थितीतून 1914 साली एक लहानशी पण दूरगामी घटना घडली. शिकागो येथे सतरा अध्यापकांनी इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेपासून वेगळे होऊन सार्वजनिक भाषणाच्या अध्यापकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढल्याच वर्षी त्यांचे त्रैमासिक निघाले. 1922 साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने या विषयातील पहिली डॉक्टरेट दिली. कॉर्नेल विद्यापीठात अध्यापक व विद्यार्थी ॲरिस्टॉटल, सिसेरो व क्विंटिलियन यांचे मूळ ग्रंथ पुन्हा वाचू लागले. तेथीलच हर्बर्ट विचेल्न्स यांनी 1925 साली लिहिलेल्या निबंधाने या विद्येला स्वतःची समीक्षापद्धती दिली. साहित्यसमीक्षक कृतीतील चिरंतन सौंदर्य शोधतो. भाषणाच्या समीक्षकाने मात्र विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट श्रोत्यांवर त्या भाषणाचा काय परिणाम घडला हे पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे या विषयाची व्याप्ती वाढत गेली तसे संघटनेचे नावही बदलत गेले. 1970 साली तिच्या नावात ‘भाषण-संज्ञापन’ हे शब्द आले आणि 1997 साली ती ‘राष्ट्रीय संज्ञापन संघटना’ झाली.

वर्गात काय शिकवितात?

या विषयाच्या विद्यार्थ्याचा पहिला पाठ बहुधा पाच-सात मिनिटांच्या भाषणाचा असतो. त्यापूर्वी त्याला एका वाक्यात उद्देश लिहावा लागतो, मुद्द्यांचा आराखडा करावा लागतो आणि माहितीचा आधार सांगावा लागतो. भाषण झाल्यावर वर्गातील इतर विद्यार्थी त्यावर टीकाटिप्पणी करतात. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या बोलण्यातून उरलेल्या सर्वांना ऐकण्याचे व पारखण्याचे शिक्षण मिळते.

मांडणीसाठी पर्ड्यू विद्यापीठातील ॲलन मन्रो यांनी 1930 नंतरच्या दशकात तयार केलेला पाच पायऱ्यांचा क्रम प्रसिद्ध आहे : लक्ष वेधणे, गरज दाखविणे, उपाय सांगणे, त्याचे परिणाम डोळ्यांसमोर उभे करणे आणि कृतीचे आवाहन करणे. आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. एखाद्या कार्यकर्त्याला गावात पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा सुरू करावयाची आहे. त्याने प्रथम आटलेल्या विहिरीकडे लक्ष वेधावे. नंतर पडणारा पाऊस व होणारा उपसा यांतील तफावत सांगावी. मग पाणी मोजून पिके ठरविण्याचा उपाय मांडावा. त्यानंतर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेत असा ताळेबंद कसा मांडला जातो, ते सांगावे. शेवटी पुढील सभेपर्यंत कोणी कोणत्या विहिरींची पातळी मोजावयाची, हे नावानिशी ठरवून घ्यावे. अनेक चांगली भाषणे चौथ्या पायरीवरच थांबतात आणि टाळ्या मिळूनही काम उभे राहत नाही.

वादविवाद हा या शिक्षणाचा दुसरा मोठा भाग. त्यात विद्यार्थ्याला एकाच विषयाच्या दोन्ही बाजू आळीपाळीने मांडाव्या लागतात. यावर अमेरिकेतच मोठे वादळ उठले होते. 1954-55 या वर्षी महाविद्यालयीन वादविवादासाठी साम्यवादी चीनच्या सरकारला अमेरिकेने मान्यता द्यावी, हा विषय निवडला गेला. तेव्हा वेस्ट पॉइंट व ॲनापोलिस येथील लष्करी व नाविक प्रबोधिनींनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यात भाग घेऊ दिला नाही. मनाला न पटणारी बाजू मांडणे हा अप्रामाणिकपणा आहे काय, यावर पुष्कळ चर्चा झाली. दोन्ही बाजू अभ्यासल्यावाचून स्वतःची बाजू कळत नाही, ही भूमिका पुष्कळ अध्यापकांनी घेतली. तिच्यात तथ्य आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येणे, ही समंजस नागरिकत्वाची खूण म्हटली पाहिजे.

ऐकण्याचेही शास्त्र

बोलण्याच्या या विद्येतूनच ऐकण्याचा अभ्यास पुढे आला. त्याचे एक प्रवर्तक डॉ. राल्फ निकोल्स हे मिनेसोटा विद्यापीठात शेतकी शिक्षणाशी जोडलेल्या वक्तृत्व विभागाचे प्रमुख होते. शेती शिकणाऱ्यांना वक्तृत्वशास्त्र कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु कृषिविस्ताराचे सारे काम सांगण्या-ऐकण्यावरच चालते. निकोल्स यांना असे आढळले की, भाषण संपताच सरासरी श्रोत्याला त्यातील सुमारे निम्मेच आठवते आणि दोन महिन्यांनंतर सुमारे एक-चतुर्थांश उरते. बोलण्याच्या गतीपेक्षा विचाराची गती कितीतरी अधिक असल्यामुळे मधल्या मोकळ्या वेळात मन भटकते. तोच वेळ वक्त्याचा मुद्दा मनाशी उजळण्यासाठी आणि पुरावा तपासण्यासाठी वापरावा, असा त्यांचा उपदेश होता.

येल विद्यापीठातील कार्ल हॉव्हलंड व वॉल्टर वाइस या मानसशास्त्रज्ञांचा 1951 सालचा प्रयोग तर प्रत्येक नागरिकाने जाणून घ्यावा असा आहे. त्यांनी एकच लेख दोन गटांना वाचावयास दिला. एका गटाला तो विश्वसनीय उगमाचा आहे असे सांगितले, तर दुसऱ्याला अविश्वसनीय उगमाचा. वाचल्यानंतर लगेच पाहता विश्वसनीय उगमाचा प्रभाव अधिक दिसला. परंतु चार आठवड्यांनंतर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मजकूर मनात राहिला होता, पण तो कोणी सांगितला याच्याशी असलेला संबंध सुटला होता. पुढे 1953 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात उगमाची आठवण करून देताच तो फरक पुन्हा दिसून आला. अफवा प्रथम हसून सोडून देणारा माणूस महिन्याभराने तीच गोष्ट ‘असे म्हणतात’ म्हणून का सांगतो, याचे उत्तर यात आहे. भ्रमणध्वनीवरून रोज संदेशांचा पूर लोटत असताना, ‘हे कोणी सांगितले?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची सवय लावून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ज्यांना आवाज नव्हता

या विद्येचे खरे मोल कळते ते ज्यांना बोलण्याचा अधिकारच नाकारला गेला होता त्यांच्या इतिहासावरून. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मार्शल येथे कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या वायली महाविद्यालयात कवी मेल्विन टॉल्सन हे वादविवाद शिकवीत. 1935 साली त्यांच्या विद्यार्थ्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नामवंत संघाचा पराभव केला. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांना गौरवर्णीयांच्या वादविवाद संघटनेत प्रवेशही नव्हता. याच महाविद्यालयातील वादपटूंपैकी जेम्स फार्मर हे पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे एक अग्रणी झाले.

महाराष्ट्राला या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावच ‘मूकनायक’ होते. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी केलेले भाषण वक्तृत्वशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासावे असे आहे. प्रसंग संविधान स्वीकृतीचा, म्हणजे समाधानाचा होता. तरीही त्यांनी पुढील धोके सांगितले : सनदशीर मार्ग सोडण्याचा, राजकारणातील व्यक्तिपूजेचा, आणि राजकीय समता असताना सामाजिक व आर्थिक विषमता कायम राहण्याचा. गौरवाच्या प्रसंगाला त्यांनी भविष्याच्या विचाराकडे वळविले. ॲरिस्टॉटलची तीन साधने त्यात कोठे व कशी आली आहेत हे शोधणे, हा कोणत्याही विद्यार्थ्यासाठी उत्तम पाठ ठरेल.

आपल्यासाठी बोध

व्याख्यानाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेने अनेक पिढ्यांना ऐकण्याची गोडी लावली. शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्व स्पर्धाही सर्वपरिचित आहेत. परंतु स्पर्धेत पाठ केलेल्या भाषणाला बक्षीस मिळते आणि श्रोत्याच्या शंकेला उत्तर देण्याची वेळ क्वचितच येते. विद्यापीठीय अभ्यासाचा भर नेमका तेथे आहे. तेथे बोलून झाल्यावर प्रश्नांना तोंड द्यावे लागते आणि ऐकून झाल्यावर कारणासह मत द्यावे लागते.

24 एप्रिल 1993 पासून अंमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूदही आहे. जागा मिळाली, आता आवाज मिळाला पाहिजे. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. महाविद्यालयात आठवड्यातून एक तास, महिला सभेत प्रत्येकीला तीन मिनिटे, आणि ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात भाषणाचा व ऐकण्याचा प्रत्यक्ष सराव, एवढ्यानेही पुष्कळ साध्य होईल.

त्या सरावासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. उठण्यापूर्वी आपली मागणी एका वाक्यात मनाशी पक्की करावी. आपला आधार काय, हे सांगावे. विरोधकाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून मगच उत्तर द्यावे. दुसरा बोलत असताना, त्याने कोणते साधन वापरले आणि कोणते टाळले, हे मनात तपासावे. यातील पहिल्या दोन गोष्टी बोलणाऱ्याचे बळ वाढवितात आणि पुढच्या दोन सभेची फसवणूक होऊ देत नाहीत.

प्लेटोचा आक्षेप अजून जिवंत आहे आणि तो तसा राहावा हेच बरे. गोड बोलून दिशाभूल करणारे प्रत्येक काळात असतात. त्यांच्यावरचा उपाय म्हणजे बोलण्याची विद्या थोड्यांच्या हाती न ठेवता सर्वांना देणे होय. ज्या सभेत प्रत्येकाला आपले म्हणणे मांडता येते आणि दुसऱ्याचे पारखता येते, त्या सभेचा निर्णय चुकला तरी तो दुरुस्त करण्याची ताकद तिच्या अंगी असते.